स्टँडर्ड हेराल्ड: इंजिन नंतर ऐका, आधी मागची चाकं बघा

वऱ्हाडात एखाद्या जुन्या वाड्याच्या मागे किंवा बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली हेराल्ड सापडली की बघायला गेलेला माणूस आधी चावी मागतो. इंजिन लागलं, धूर फार नाही आला, की अर्धा सौदा झालाच. या गाडीसाठी हा क्रम चुकीचा आहे. ९४८ सीसीचं ते इंजिन साधंसुधं आहे, जिल्ह्याच्या गावातला बरा मिस्त्री आणि एक लेथवाला मिळून ते पुन्हा उभं करतात. हेराल्डमध्ये जीवावर बेतू शकेल अशा जागा दोन: मागचा, चाकासोबत झुलणारा स्विंग अ‍ॅक्सल आणि पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे पुढचं चाक ज्यात वळतं ते पितळी सांधे. दोन्ही गाडीच्या पोटात आहेत, दोन्ही चालू इंजिनच्या आवाजात कळत नाहीत.

थोडी ओळख. ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडमध्ये १९५९ ला आली, आकार इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्तीचा. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने ती इथे बनवली. आधी दोन दारांची, साठच्या दशकाच्या शेवटी चार दारांची मार्क ३. चार दारांची हेराल्ड भारताबाहेर कुठेच बनली नाही. त्या काळात अ‍ॅम्बेसेडर किंवा फियाट नको असेल तर तिसरा पर्याय हाच. त्या दोघींना मागे एकसंध अ‍ॅक्सल, हिला मात्र मागचं प्रत्येक चाक सुटं. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला त्याची खबर नसते, आणि पांदण रस्त्यावर मागच्या सीटवरची माणसं फियाटपेक्षा कमी उडतात. हा फायदा खरा आहे. त्याची किंमत वळणावर द्यावी लागते.

मागे काय होतं ते नीट समजून घ्या. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरचा डबा, चासीला पक्कं बोल्ट केलेलं. त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक हाफ शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, निघतो, आणि प्रत्येक शाफ्टला एकच क्रॉस, म्हणजे वळता सांधा, तोही आतल्या टोकाला. बाहेरच्या टोकाला क्रॉस नाही, चाक शाफ्टला घट्ट. त्यामुळे चाक वर-खाली होतं तेव्हा सरळ उभं राहून होत नाही, क्रॉसभोवती कमानीत फिरतं. गाडी मागून खाली बसली की चाकांची वरची कड आत झुकते, मागून वर उठली की वरची कड बाहेर जाते. डिफरन्शियलच्या डोक्यावर आडवा कमान-पाटा आहे, त्याची टोकं दोन्ही चाकांना धरतात.

आता वेगात वळण घेताना ड्रायव्हर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. वजन पुढे जातं, गाडी मागून उठते, बाहेरच्या चाकाचा खालचा भाग गाडीच्या पोटाखाली सरकायला लागतो. टायर रस्त्याला फक्त कडेवर टेकतो. रस्ता त्या टायरला आतल्या बाजूला ढकलत असतो, आणि क्रॉस जमिनीपासून बराच वर असल्याने तोच जोर गाडीला आणखी वर उचलतो. जितकी उचलली जाते तितकं चाक आणखी दुमडतं. शेपटी सुटते ती एकदम, अ‍ॅम्बेसेडरसारखी आधी कुरकुर करून नाही. पाय काढण्यासोबत ब्रेकही दाबला तर मामला लवकर संपतो. चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंग जड झालं किंवा टायर फुटला. प्रत्यक्षात गाडी तिच्या बनावटीप्रमाणेच वागलेली असते.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. मागे दोन माणसं बसलेली हेराल्ड रिकाम्या हेराल्डपेक्षा वळणावर जास्त शहाणी असते, कारण वजनाने मागचा भाग खाली बसतो आणि चाकं आत झुकलेली राहतात. धोका जास्त तो एकट्या ड्रायव्हरला, टाकीत थोडंच पेट्रोल, डिकी रिकामी. याचा अर्थ डिकीत खताची पोती टाकायची असा मात्र नाही. पाटा तळाला गेला की गतिरोधकावर रबर स्टॉपर आपटतात आणि टायरची आतली कड महिन्या-दोन महिन्यांत खाल्ली जाते.

तपासायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हवा बरोबर करा, एक माणूस ड्रायव्हरच्या जागी बसवा. गाडी दहा-पंधरा फूट पुढे-मागे ढकलून घ्या, हे विसरू नका, कारण जॅकवरून नुकतंच उतरवलेलं चाक दुमडूनच राहतं आणि माप खोटं येतं. मग मागच्या चाकाशेजारी ओळंबा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. १३ इंची रिमवर दोन मापांतला सुमारे ६ मिमी फरक म्हणजे १ अंश. वरची कड आत, फरक ६ ते १२ मिमी: गाडी बरी आहे. फरक शून्य: सांभाळून. वरची कड बाहेर: ती गाडी तशीच चालवत घरी आणू नका, ट्रॉलीवर टाकून आणा. आणि फरक २५ मिमीच्या पुढे गेला असेल तर पाटा थकलाय. वळणावर त्याचा त्रास नाही, पण टायर टिकणार नाहीत.

थकलेल्या पाट्याचं पुढे काय होतं ते तालुक्याच्या कमान-पाट्याच्या दुकानात बघायला मिळतं. तिथला माणूस ट्रॅक्टर-ट्रॉली आणि मेटॅडोरचे पाटे बसवणारा. त्याच्या हिशेबाने बसलेला पाटा म्हणजे कमान चढवायची आणि जमलं तर एक पान जास्त टाकायचं. ट्रॉलीला ते ठीक. हेराल्डला हाच सर्वात घातक उपचार, कारण गाडी मागून दोन इंच उंच होते, दिसायला झोकदार, आणि चाकांच्या वरच्या कडा बाहेर जातात. विदर्भात मागून ताठ उभी असलेली हेराल्ड दिसली तर बहुतेक वेळा हाच उद्योग झालेला असतो. कमान चढवायचीच असेल तर मूळ पानं तेवढीच ठेवा, पानांमधला गंज घासून काढा, पानांच्या टोकांखालच्या चकत्या नव्या टाका, आणि दुकानदाराला उंचीचं नाही, ओळंब्याचं माप द्या.

कमान जास्त चढलीच असेल तर सोपा उतारा आहे: डिफरन्शियल आणि पाट्याच्या मध्ये अर्ध्या इंचाचा सपाट लोखंडी ठोकळा. पाटा वर गेला की गाडी खाली येते. अर्ध्या इंचात साधारण सव्वा ते दीड अंश मिळतो. लेथवाला एका दुपारी बनवून देईल, पण दोन गोष्टी त्याच्यावर सोडू नका. पाटा धरणारे स्टड ठोकळ्याच्या जाडीइतके लांब हवेत, आणि ते चांगल्या प्रतीच्या स्टीलचे हवेत, बाजारातली थ्रेड रॉड कापून नाही. आटे इंची मापाचे आहेत, मेट्रिक स्टड जबरदस्तीने घातला तर डिफरन्शियलमधले आटे जातात. या कामात मागचा शॉकप काढण्याआधी त्या बाजूचं चाक जॅकने धरा. चाक खाली किती लोंबायचं ते शॉकपच अडवतो. तो सुटला की हब खाली पडतो आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो.

ट्रायम्फने स्वतः यावर काढलेला एक तोडगा १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ या गाडीत आहे. त्या पाट्याचं फक्त तळाचं पान डिफरन्शियलला पक्कं, बाकीची पानं मध्ये डुलती ठेवलेली, त्यामुळे वळणावर पाटा गाडीला उचलत नाही. इंग्लंडच्या कॅन्ले क्लासिक्स आणि रिमर ब्रदर्ससारख्या दुकानांतून असे पाटे येतात, हेराल्डला बसवताही येतात, पण सोबत पुढचा अँटी-रोल बार जाड करावा लागतो, नाहीतर गाडी फार कलंडते. आयातीचा खर्च आणि ड्युटी धरली तर चिखलदऱ्याच्या घाटात नेहमी जाणाऱ्यालाच ते परवडेल. बाकीच्यांनी ठोकळा, चांगले शॉकप, बरोबर हवा आणि पायाची सवय यावर भागवावं. थकलेला शॉकप इथे दिसतो त्याहून जास्त नडतो: तो गाडीला मागून झटक्यात उठू देतो, आणि झटक्यात उठणं हेच तर टाळायचं आहे.

टायरचं बोलू. मूळ टायर ५.२०-१३ चे, ते सोडा. जुन्या वॅगन आरला येणारा १४५/८० आर १३ तालुक्याच्या गावात मिळतो आणि हेराल्डला तोच योग्य. दुकानदार १५५ किंवा १७५ पुढे करेल, "पकड चांगली येते" म्हणून. स्विंग अ‍ॅक्सलला जास्त पकड म्हणजे गाडी उचलणारा जास्त जोर. अरुंद टायर आधी थोडा घसरतो, तो इशारा असतो. हवा पुढे २१-२२, मागे २६, थंड टायरला. हवा भरणारा पोरगा सवयीने चारही चाकांत तीस मारतो, त्याच्या हातातून पाइप घ्या. पुढे कमी आणि मागे जास्त हवा ठेवली की पुढची चाकं आधी घसरतात, आणि पुढून सरळ जाणारी गाडी मागून फिरणाऱ्या गाडीपेक्षा कधीही बरी. पुढे रेडियल आणि मागे जुने नायलॉन असा संकर मुळीच नको. टायरच्या बाजूवरचे चार अंक बघा, आठवडा आणि वर्ष. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांपेक्षा जुना टायर इथल्या उन्हात दगड झालेला असतो.

मागच्या चाकांची दिशा रेडियस आर्मच्या पट्ट्यांनी ठरते, आर्म चासीला जिथे लागतो तिथे पातळ शिम असतात. कोणीतरी काम करून शिम हरवलेले असले की एक चाक बाहेर बघतं आणि गाडी सरळ रस्त्यावरही खेकड्यासारखी चालते. मागची चाकं समांतर किंवा किंचित आत, बाहेर कधीच नाही. क्रॉसमध्ये प्ले आला की अ‍ॅक्सिलरेटर देता-सोडताना मागून टक्क आवाज येतो. इतर गाड्यांत हा आवाज काही महिने सहन करता येतो. इथे क्रॉस नुसता जोर पोचवत नाही, चाकाला आडवंही तोच धरतो, म्हणून लगेच बदला.

हाफ शाफ्ट ही या गाडीची जुनी दुखरी जागा. बाहेरच्या टोकाला, हब बसतो तिथे, बारीक भेग पडते आणि एक दिवस शाफ्ट तुटून चाक हबसकट निघून जातं. गाडी नव्याने घेतली असेल तर दोन्ही शाफ्ट काढून भेग दाखवणारा लाल डाय मारून बघणं बंधनकारक समजा. अडचण हब काढण्यात आहे. तो टेपरवर बसलेला, साध्या तीन पायांच्या पुलरला दाद देत नाही. मग मिस्त्री हातोडा घेतो, आट्याचं टोक फुलतं. तेही जमलं नाही तर गॅस मारतो, आणि शाफ्टच्या स्टीलचा कस जातो. हबच्या चारही स्टडला धरणारी जाड प्लेट आणि मध्ये मोठा बोल्ट असा पुलर बनवून घ्या, बोल्ट पूर्ण ताणून रात्रभर तसाच राहू द्या, सकाळी बोल्टच्या डोक्यावर एक ठोका. मागच्या हबला ग्रीस द्यायला एक प्लग असतो, तो काढून निपल लावून ग्रीस द्यायचं, पण जपून. जास्त झालं की ब्रेक शूजवर उतरतं.

पुढचा ट्रनियन. पुढचं चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याचं खालचं टोक आट्याचं, ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतं. स्टिअरिंग वळवलं की आटे फिरतात. इथे ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं, आणि गावोगावचे मिस्त्री इथेच फसतात, कारण निपल दिसलं की ग्रीस गन लावायची हा त्यांचा धर्म. ग्रीस आट्यांत पोचत नाही, वाळतं, पावसाचं पाणी आत अडकतं, गंज धरतो, आट्याच्या मुळाशी भेग जाते. दांडा तुटतो तो बहुधा हळू वेगात, पूर्ण स्टिअरिंग वळवताना, आणि चाक मडगार्डखाली आडवं पडतं. बाजारात झालं तर हसं होतं, हायवेवर झालं तर बोलायला माणूस उरत नाही.

काम असं: एक वेगळी गन फक्त ऑइलसाठी ठेवा. गाडी पुढून उचला, ट्रनियनचा छोटा प्लग काढून निपल लावा, वरच्या सीलमधून स्वच्छ ऑइल बाहेर येईपर्यंत पंप करा, मध्ये स्टिअरिंग दोन-तीनदा पूर्ण डावी-उजवीकडे फिरवा. आधी काळं, मातकट ऑइल येईल, ते येऊ द्या. कंपनीचा हिशेब ६,००० मैलांचा. इथल्या काळ्या मातीच्या धुळीत २,५०० किलोमीटरला, शिवाय पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा. ग्रीस आधीच भरलेलं असेल तर ऑइल देऊन चालणार नाही, खोलून धुऊन, दांड्याचे आटे भिंगाखाली बघावे लागतील. डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत, अदलाबदल करू नका.

आता चालवणं. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना हेराल्ड त्रास देत नाही, इंजिन मागच्या चाकांना जोर देत असतं आणि मागचा भाग बसलेला असतो. उतरताना सगळं उलट. दुसरा गिअर वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत तो सहज पडत नाही, त्यामुळे उतारावर तो धरायच्या भानगडीत पडू नका. ब्रेक सरळ असतानाच मारून सोडून द्यायचा, वळणात शिरताना पाय हलकेच अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि वळण संपेपर्यंत तसाच. वेग जास्त झालाच तर पाय काढू नका, स्टिअरिंग किंचित बाहेर सोडा. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात आणि ओल्या पानांवर हा नियम मोडायला वावच नसतो.

खरा धोका घाटापेक्षा सपाटीवर आहे. सत्तरच्या वेगात अचानक बंडी आडवी येते किंवा वेचणीच्या दिवसांत बिनदिव्याची कापसाची ट्रॉली, माणूस ब्रेक दाबूनच स्टिअरिंग कापतो. हेराल्डमध्ये ही दोन कामं एकत्र होत नाहीत. आधी सरळ ब्रेक, मग ब्रेक सोडून वळवा. तसंच एकेरी डांबरी रस्त्यावर समोरच्याला वाट द्यायला डावी चाकं साइडपट्टीवर उतरवली आणि पट्टी चार-सहा इंच खोल असेल, तर वर येताना वेग वीसच्या आत आणा. झटक्यात वर घेतलं की मागचं डावं चाक लोंबून दुमडतं, आणि गाडी थेट समोरच्या बाजूला जाते. समृद्धीवर ही गाडी नेऊन कोणाचं काय सिद्ध होत नाही.

ब्रेक चारही ड्रम, एकच सर्किट. एका व्हील सिलिंडरमधून गळती म्हणजे सगळे ब्रेक गेले. दर दोन वर्षांनी फ्लुइड पूर्ण बदला, रबरी पाइप पाच वर्षांनी, आणि हँडब्रेक कामाचा ठेवा. पाण्यातून गेल्यावर गाडी एका बाजूला ओढते, हलक्या ब्रेकने ड्रम वाळवून घ्या.

इंजिनचं थोडक्यात. टॅपेट थंड इंजिनला ०.०१० इंच, पॉइंट ०.०१५, प्लग ०.०२५, फायरिंग १-३-४-२. सौदा करताना एकच तपासणी सोडू नका: दुसऱ्याला क्लच दाबायला सांगा आणि क्रँकच्या पुलीकडे बघा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली तर थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या) गेलेत, वेळेवर बदलले नाहीत तर ते खाली पडून क्रँक आणि ब्लॉक दोन्ही खातात. गिअरबॉक्सला जीएल-४ चं ऑइल, पितळी भागांसाठी.

अकोल्या-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा रेडिएटरपेक्षा पेट्रोल जास्त रडवतं. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या पंपाचा डायफ्रॅम आणि रबरी नळ्या फुगतात, आणि उष्णतेने पंपातच वाफ धरते. इथेनॉलला चालणारा डायफ्रॅम आणि नळ्या घ्या, नळी एक्झॉस्टपासून दूर वळवा. पर्याय म्हणून टाकीजवळ छोटा इलेक्ट्रिक पंप चालतो, दाब २ ते अडीच पौंडांच्या वर नको, नाहीतर कार्ब्युरेटर ओसंडतो. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, रेडिएटरचा कोअर बदला.

गाडीचं कौतुक कमी झालं, पण ते आहे. पूर्ण बॉनेट मडगार्डसकट पुढे उघडतो, टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं. २५ फुटांत ती पूर्ण फिरते, गावातल्या बोळात आजची कोणतीही छोटी गाडी हे करत नाही. रॅक-पिनियन स्टिअरिंग हलकं आणि नेमकं. विदर्भाच्या कोरड्या हवेत चासी कोकणातल्यापेक्षा बरी राहते, तरी बाजूचे आउटरिगर (चासीतून बाहेर निघालेले आडवे हात) आणि डिफरन्शियलच्या बोल्टभोवतीचा भाग स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघाच. सुटे भाग चेन्नईच्या पुदुपेटला शोधावेत, गाडी तिथलीच. जे मिळत नाही ते इंग्लंडहून, आणि तिथून आणायच्या यादीत ट्रनियन, उभा दांडा आणि हाफ शाफ्ट आधी लिहा, चकचकीत पट्ट्या नंतर.

मागच्या चाकांची धास्ती नकोच असेल तर स्टँडर्डचीच गॅझेल बघा. सत्तरच्या दशकातल्या त्या गाडीला मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे. वळणावर निर्धास्त, खड्ड्यांत हेराल्डपेक्षा आडदांड, दिसायला ओढूनताणून आधुनिक.

कागदांचं शेवटी. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतरच्या नोंदणीला ५,०००. पण ती गाडी मग रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. दर आठवडी बाजाराला हेराल्ड काढायची असेल तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी वाढवत राहा. आरसी बुकावरचा चासी नंबर सौद्याच्या आधी, बयाणा देण्याच्याही आधी, प्लेटशी ताडून घ्या.